सव्वाचारची तारीख

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजके पाने आणि एकेकटे बूट यांच्या मधोमध
ते दिसलं. काळी तबकडी, पोलादी पट्टा,
बाराच्या डोक्यावर मुकुट.
अठराशे म्हणाला. साडेअकराशेला दिलं.
वर म्हणाला, साहेब, पाण्यात घालू नका
आणि जाणत्या माणसाला दाखवू नका.

ते घालून मी ताथवड्याला जातो, सॅम्पल फ्लॅट दाखवायला.
तिथला टीव्ही पुठ्ठ्याचा आहे.
कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी आहेत.
टोपलीतलं सफरचंद एका पोराने चावून पाहिलं होतं,
त्याचे दात अजून त्यावर आहेत.
मी बाही जराशी मागे सारतो, म्हणतो,
ही बघा पूर्वेची खिडकी.
लोक आधी मनगट बघतात, मग पूर्व.

तीन वर्षं झाली.
चावी तुटली, दीडशे.
काचेला तडा, अडीचशे.
बेसिनवर हात धुतले, आतून वाफ धरली, दोनशे.
पट्ट्याची पिन चार वेळा, चाळीस-चाळीस.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
एका जिन्याखाली सुरेखा कडलग बसतात,
सासऱ्यांच्या काचपेटीमागे,
एका डोळ्यात भिंग, दुसरा गिऱ्हाइकावर.
पहिल्यांदा त्यांनी झाकण उघडलं तेव्हा
न विचारताच मी म्हणालो,
मेव्हण्याने दुबईहून आणलंय.
‘स्विस’मधला एक एस दुबईतच राहिला वाटतं,
त्या म्हणाल्या, चिमटा खाली न ठेवता.
मग मीच ओशाळून विचारलं,
खोटी घड्याळं करता का दुरुस्त?
आमच्यात खरं-खोटं नसतं हो.
चालू असतं, नाहीतर बंद असतं.

मोठ्या तबकडीत तीन लहान तबकड्या आहेत,
त्यांचे काटे जन्मात हललेले नाहीत.
एखादा तरी हलेल का, मी एकदा विचारलं होतं.
खाली चाकच नाही. चित्र आहे ते.

आणि तारीख.
ती रात्री बाराला बदलत नाही.
दुपारी सव्वाचारला बदलते,
एक बारीक आचका देऊन,
जसा झोपेत पाय झटकावा.

दसऱ्याच्या अलीकडे चाकणहून दुधाणे आले, नवराबायको.
बाईंनी सगळे नळ सोडून पाहिले. एकालाही पाणी नव्हतं.
तरी त्या हसल्या, म्हणाल्या, ओटा उंचीला बरोबर आहे.
त्याने चेकबुक काढलं, एक्कावन्न हजार टोकन.
टोकन परत मिळत नाही हे मी समजावलं होतं,
पटकन, पुठ्ठ्याच्या टीव्हीपाशी.
आज तारीख किती?
मी बाही सारली. तेवीस.
पाच वाजायला आले होते. बावीस होती.

उद्याचा चेक आज कसा टाकू, वैजयंताबाई करवादल्या,
आणि तो स्टेपलरखाली ठेवून घरी गेल्या.

रात्री साडेअकराला फोन.
सर, दुधाणे बोलतोय. आमची लाइन बंद करतायत.
आत्ताच सांगितलं, गेटवर.
चेक टाकला का हो?
मी उशाशी चाचपलं. घड्याळात तेवीस,
भिंतीवर बावीस.
त्याच्या मागे कुणीतरी भांडी घासायचं थांबलं होतं.
नाही टाकला, म्हणालो. सकाळी लवकर या,
ऑफिस उघडायच्या आधी.

पुढे मॅनेजरने मला तासभर फैलावर घेतलं.
कमिशन गेलं ते गेलंच.

काल पाचव्यांदा पिन निसटली.
सुरेखाताईंनी घड्याळ उलटंपालटं केलं,
म्हणाल्या, ही तारीख नीट करून देऊ का आता?
काटे उपसून बाराला बसवायचे. अर्ध्या तासाचं काम.
राहू दे, म्हणालो.
त्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं,
उघड्या डोळ्याने पाहिलं माझ्याकडे.
का?
असू दे. सवय झालीय.
पिन तेवढी घट्ट बसवा.
मी चाळीस मोजून पुढे केले.
पन्नास, त्या म्हणाल्या. दिवाळीपासून.